ठराव मंजूर झाला, कायदा कुठंय?

नामविस्तार दिनाला मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर सोळा वर्षांच्या रस्त्यावरच्या लढाईचा इतिहास सांगितला जातो. विधिमंडळात नेमकं काय अडलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. नव्या कार्यकर्त्यांना ते माहीत असायलाच हवं.

२७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. पण विद्यापीठाचं नाव होतं १९७४ च्या अधिनियमात, म्हणजे कायद्यात. ठराव हे सभागृहाचं मत. त्यानं अधिनियमातला एक शब्दही बदलत नाही. त्यासाठी दुरुस्ती विधेयक मांडावं लागतं, कलमवार चर्चा होते, दोन्हीकडं मतदान, राज्यपालांची संमती आणि शेवटी राजपत्र. ठरावानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंचा खून झाला, आणि सरकारनं अंमलबजावणी थांबवली. कायदा झालेला असता, तर तो फिरवायला दुसरं विधेयक दोन्ही सभागृहांतून न्यावं लागलं असतं. ठराव थंड्या बस्त्यात टाकायला काहीच करावं लागत नाही. मग फेब्रुवारी १९८० मध्ये सरकारच बरखास्त झालं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तोही ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून.

म्हणून नांदेड असो की परभणी, कलेक्टर ऑफिसला निवेदन देताना ‘सभागृहात ठराव घ्या’ एवढंच लिहू नका. कोणत्या अधिनियमाचं कोणतं कलम, त्यातले कोणते शब्द काढायचे, कोणते घालायचे, ते लिहा. अधिवेशन नसेल तर संविधानाच्या अनुच्छेद २१३ खाली राज्यपालांचा अध्यादेश मागा. पण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं विधेयक मंजूर झालं नाही, तर तो संपतो. ‘विधान परिषदेत अडलंय’ असं कुणी सांगितलं तर अनुच्छेद १९७ दाखवा: विधानसभा ठाम असेल तर परिषद साध्या (धनविधेयक नसलेल्या) विधेयकाला आधी तीन महिने, दुसऱ्यांदा एक महिना, एवढंच रोखू शकते. मात्र विधानसभा विसर्जित झाली की परिषदेत पडून असलेलं तिचं विधेयक बाद होतं. निवडणूक जवळ आली की वेळकाढूपणा वाढतो, तो यासाठीच.

मंजुरीनंतरही पाठ सोडू नका. सामाजिक बहिष्कार विरोधी विधेयक १३ एप्रिल २०१६ ला मंजूर झालं. राष्ट्रपतींची संमती मिळून कायदा लागू झाला ३ जुलै २०१७ ला. विधेयक हाती आलं की आधी कलम १ वाचा. ‘शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकास’ असं तिथं असेल, तर पुढचं निवेदन त्या अधिसूचनेसाठी द्या.