गोधडीखालचा बर्फ : आमची वाटचाल

आमच्या टूर कंपनीच्या ऑफिसात आलात तर कॉम्प्युटरच्या आधी तुम्हाला खुंटीला टांगलेला ताणकाटा दिसेल. वडील लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर मुनीम होते, त्यांचा हा. आकडा एकदा तुटला होता, तिथं मी तांब्याची तार गुंडाळलीय. टूर निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक बॅग या काट्याला लटकते. एअरलाइन तेवीस किलो म्हणते, आम्ही बावीसवर थांबतो. लोक चिडतात, पण विमानतळावर चपला-चिवडा बाहेर काढत बसण्यापेक्षा ते बरं. हल्लीचे डिजिटल काटे स्वस्त मिळतात, पण सेल उतरला की खोटं बोलतात. स्प्रिंग खोटं बोलत नाही. नवीन धंद्यात पडणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवावं.

२००४ साली लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागं आठ बाय दहाच्या गाळ्यात आम्ही दोघांनी सुरुवात केली. बोलायचं काम भागीदाराचं, हिशोबाचं माझं. चारधाम, काशी-रामेश्वर, गिरनार. गाडीबरोबर आचारी, पत्र्याच्या पेटीत भांडी आणि येसराचे, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाचे, डबे. येसर काय असतं हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. उकळतं पाणी, येसर, मीठ, आमटी तयार. बद्रीनाथच्या थंडीत ही आमटी ज्यांनी प्यायली ती माणसं अजून आमच्याकडं येतात. पुढं युरोपात हॉटेलच्या खोलीत शेगडी चालत नाही म्हणून सगळे रडतात, पण किटली तर असते! आमच्या टूर मॅनेजरच्या सॅकमध्ये आजही दोन किलो येसर असतं.

मधली आठ-नऊ वर्षं बरी गेली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

जून २०१३ मध्ये केदारनाथला वरचं तळं फुटून पाण्याबरोबर दगडगोटे खाली आले, तेव्हा आमची गाडी हरिद्वारलाच अडकलेली होती. एकाच्या पायाला प्लास्टर घालावं लागलं म्हणून दोन दिवस थांबलो होतो. तो पाय मोडला नसता तर मी हे लिहीत नसतो. पुढची दोन वर्षं चारधामचं नाव काढलं की घरातली माणसं नको म्हणायची. म्हणून आम्ही युरोपकडं वळलो. लोक म्हणाले, लातूरचा माणूस स्वित्झर्लंड विकणार! विकलं. आडते, डॉक्टर, निवृत्त मास्तर आणि ऊस-सोयाबीनवाले शेतकरी असा आमचा गिऱ्हाईक.

२०१६ चं सांगायलाच नको. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. घागरीसाठी जमावबंदी लागलेल्या गावात कोण झुरिकचं तिकीट काढणार? त्या वर्षी आम्ही विकली ती फक्त तीन तिकिटं.

आता तात्यांबद्दल. औसा तालुक्यातले, किल्लारीच्या बाजूचे, १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावचे. पंचवीस एकर. २००६ पासून आमच्याबरोबर. आमच्या टूरवर ते कधी गिऱ्हाईक नसायचेच. बस थांबली की खाली उतरून टायर बघायचे.

ऑगस्ट २०१८ मध्ये ते आमच्याबरोबर पहिल्यांदा आल्प्समध्ये आले. त्या उन्हाळ्यात तिकडं पाऊस नव्हता. नाश्त्याच्या वेळी टीव्हीवर दाखवत होते, लष्कराची हेलिकॉप्टरं डोंगरावरच्या कुरणात पाणी नेऊन टाकतायत, कारण उन्हाळी चराईला वर गेलेल्या गायींना प्यायला पाणी नाही. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "आमच्याकडं रेल्वेनं, यांच्याकडं इमानानं. पैशावाल्याचा दुष्काळ बी उडत येतो." बस चालवणाऱ्या माणसाला मी त्याचा अर्थ सांगितला. तो हसला नाही. त्याच्या भावाच्या गायी वर होत्या.

२०१९ मध्ये भागीदार वेगळा झाला. जाताना गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला. वही म्हणजे खरीच वही, चौदा वर्षांची, कुणाला साखर आहे, कुणाला खिडकी लागते, कुणाचा जावई व्हिसाच्या पैशाला टाळाटाळ करतो, सगळं त्यात. भागीदारीचं कागदावर काही नव्हतं. तरुण मुलांना मी सांगतो, सख्ख्या भावाबरोबर धंदा करा, पण स्टॅम्प पेपरवर. त्यानं आमच्यापासून शंभर पावलांवर ऑफिस टाकलं. एसी लावला. भिंतभर मॅटरहॉर्न शिखराचा फोटो. मग कोविड आला आणि दोघंही सारखेच झोपलो.

जुलै २०२२. दोन वर्षांनी पहिला ग्रुप, चौतीस माणसं. पेरण्या आटोपलेल्या, आणि इकडं पावसानं झोडपायला सुरुवात केलेली. मी स्वतः गेलो. ब्रोशरमध्ये नेहमीच्या टिटलिस या बर्फाच्या डोंगराच्या जोडीला एक जास्तीची गोष्ट टाकली होती : 'ऱ्होन हिमनदीतील निळी बर्फाची गुहा'. जिल्ह्यात दुसरं कुणी ती दाखवत नव्हतं. फोटो मी इंटरनेटवरून घेतला होता, जुना. चूक तिथंच झाली.

अँडरमाटहून सकाळी निघालो. फुर्का घाट २,४२९ मीटरवर. माथा ओलांडून खाली उतरताना एका वळणावर जुनं बेल्वेदेर हॉटेल लागतं, १८८२ चं, आता खिडक्या बंद. त्या काळी पाहुणे या हॉटेलातूनच हिमनदी बघायचे. त्याआधी ती खाली ग्लेचच्या सपाटीपर्यंत पसरलेली होती, जुन्या चित्रांत तशीच दिसते. आम्ही दुकानाच्या बाजूनं तिकीट काढून पुढं गेलो, तर आधी उघडा खडक, मग एक तळं, आणि तळ्याच्या काठाला बर्फावर टाकलेल्या गोधड्या.

दुसरा शब्द नाही त्याला. पांढरे होते कधीतरी, आता मळून राखाडी झालेले कापडाचे पट्टे, एकमेकांना शिवलेले, काही ठिकाणी फाटून लोंबणारे, खालून पाणी ठिबकतंय. उन्हाळ्यात गुहेवरचा बर्फ वितळू नये म्हणून तिथले लोक दर वर्षी ही पांघरुणं घालायचे. पांढरं कापड ऊन परतवतं, आतली थंडी धरतं. झाकलेल्या जागेचं वितळणं निम्म्याहून जास्त थांबतं. पण झाकणार किती? गुहेपुरतं.

चौतीस माणसं गप्प. मग मागून एक बाई म्हणाल्या, "एवढ्या लांब आणून ह्येच दाखवायचं होतं का?"

तात्या पुढं झाले. त्यांनी कापडाचं टोक दोन बोटांत धरलं आणि कापूस बघतात तसं चोळलं. "ताडपत्री न्हाई. नमदा हाय." मग वाकून गुहेत शिरले. आत फळ्या टाकलेल्या, पायाखाली पाणी, मानेवर थेंब, आणि सगळीकडं तो निळा उजेड. तो मात्र फोटोतल्यापेक्षा चांगला होता, हे मी आजही छातीठोक सांगतो. तात्या भिंतीला तळहात लावून उभे राहिले. हात गारठून लाल झाला तरी काढेनात.

त्या वर्षी आल्प्सचं सगळंच बिनसलं होतं. हिवाळ्यात बर्फ कमी पडला. मार्चमध्ये सहाराची धूळ उडत येऊन त्या बर्फावर बसली. मळकं धोतर ऊन खातं तसा मळका बर्फ ऊन खातो. आम्ही होतो त्याच आठवड्यात, २५ जुलैला, स्वित्झर्लंडवर शून्य अंशाची पातळी ५,१८४ मीटरवर गेली. माँ ब्लांचं शिखर साधारण ४,८०० मीटर. म्हणजे सगळ्या आल्प्समध्ये सगळ्यात उंच टोकालासुद्धा हवा शून्याच्या वर. महिन्याच्या सुरुवातीला इटलीत मार्मोलादाच्या हिमनदीचा तुकडा सुटून अकरा माणसं गेली होती. झरमाटमध्ये उन्हाळी स्कीइंग बंद करावं लागलं. उन्हाळा संपता संपता तिथल्या शास्त्रज्ञांनी हिशोब काढला : एका वर्षात स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचा सहा टक्के बर्फ गेला. २०२३ मध्ये आणखी चार टक्के. दोन वर्षांत दहावा हिस्सा! हे मी आता सांगू शकतो. तेव्हा बसमध्ये माझ्याकडं सांगायला येसराची आमटी होती.

फोटो आमच्याच एका प्रवाशानं घरच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत तो फिरत फिरत शंभर पावलांवरच्या ऑफिसात पोचला आणि तिथून सगळ्या जिल्ह्यात, खाली ओळ घालून : 'बर्फ दाखवायला नेलं, गोधड्या दाखवून आणलं.' ओळ चांगली होती, हे मान्य करतो. चौदा वर्षं माझ्याबरोबर बसून तो शिकला होता.

लातूरला परतलो तेव्हा लोक मला 'गोधडी टूरवाले' म्हणत होते. पुढच्या उन्हाळ्याच्या एकेचाळीस बुकिंगपैकी एकोणतीस रद्द झाली. एअरलाइनला ग्रुप सीटचं डिपॉझिट भरलेलं, ते परत येत नाही. हॉटेलवाल्यांचं अर्धं गेलं. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या वर्षी संक्रांतीला तिनं हळदीकुंकू केलं नाही, आणि का नाही केलं हे कुणाला सांगितलंही नाही. दोन मुलं कामाला होती, त्यांना घरी पाठवलं. गाळ्याचं भाडं तीन महिने थकलं. मी रोज शटर उघडून बसायचो आणि काट्याला तेल लावायचो, दुसरं काम नव्हतं. सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? मी खोटं काही दाखवलं नव्हतं. जे होतं तेच दाखवलं होतं. आणि जुना भागीदार भिंतीवर दहा वर्षांपूर्वीचा बर्फ लावून बुकिंग घेत होता.

फेब्रुवारी २०२३, महाशिवरात्रीचा आठवडा. तात्यांचा फोन. "बर्फाच्या कारखान्यातून दोन लाद्या घिऊन गावात ये." कामून म्हणून विचारायची सोय नव्हती. मी टेम्पोत लाद्या घातल्या, भुसा टाकला, पोती झाकली आणि गेलो.

मारुतीच्या पारासमोर तात्यांनी दोन पाट मांडले होते. एकावर एक लादी उघडी ठेवली. दुसरीवर घरातली गोधडी चौपदरी करून टाकली. वेळ सकाळी अकराची. चहा आला, पानसुपारी झाली, माणसं जमत गेली. तात्या खुर्ची टाकून बसले आणि ऱ्होनची गोष्ट सांगायला लागले. तो निळा उजेड, ते ठिबकणं, राख कालवल्यासारखं तळ्याचं पाणी. अडीचच्या सुमाराला उघड्या लादीचं टोपीएवढं ढेकूळ उरलं होतं. त्यांनी गोधडी उचलली. खालची लादी कडा गोल झालेली, पण लादीच.

"टेम्पोत बर्फावर पोतं टाकतेत का न्हाई? तवा कुणी हसतंय का? मंग त्यांनी टाकलं तर ह्या पोरानं काय फसवलं तुमाला?" मग जरा थांबून, "ह्या पाटावरचं बघा किती ऱ्हायलं. जायचं आसंल तर लवकर जावा."

त्या दिवशी पारावर अकरा नावं लिहून घेतली. त्यातली नऊ टिकली. नऊवर ग्रुप निघत नाही, पण निलंग्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी गोष्ट ऐकून त्यांच्या भिशीतल्या बारा जणी दिल्या. निघालो. परदेशी टूरवरच्या टीसीएस कराचे नियम त्याच वर्षी बदलले, त्याबद्दल मी इथं बोलत नाही, बीपी वाढतो.

तेव्हापासून आमच्या ब्रोशरवर फोटो त्याच वर्षीचा असतो. फोटोखाली महिना छापतो. बर्फ कमी असेल तर कमी. टिटलिसच्या पानावर, 'उन्हाळ्यात इथंही काही भाग पांढऱ्या कापडानं झाकलेला असतो', असं सरळ लिहिलंय. छपाईवाला म्हणाला, हे कशाला? मी म्हणालो, छाप. माझी मुलगी पुण्यात शिकते, ती म्हणते, "बाबा, विमानं भरभरून बर्फ बघायला नेता, त्याच विमानांच्या धुरानं तो वितळतो." तिला मी म्हणालो, आधी फी भर स्वतःची. नंतर रात्री झोप नीट लागली नाही, ते तिला सांगितलं नाही.

जाता जाता नव्या प्रवाशांना : नवे बूट घालून टूरला येऊ नका, महिनाभर आधी घरात वापरा. पासपोर्ट बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका. आणि 'ऑफर आजच संपतेय' असं जो म्हणतो त्याच्याकडून उद्या घ्या, मिळते.

तात्या आता येत नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मे २०२५ मध्ये टीव्हीवर ब्लाटेन गाव दाखवत होते. स्वित्झर्लंडच्या लोट्शेनटाल खोऱ्यातलं, डोंगराचे कडे ढासळून खालच्या हिमनदीवर साचत गेले, आणि २८ तारखेला ती हिमनदी सगळा ढिगारा घेऊन गावावर आली. जवळजवळ सगळं गाव चिखलाखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तात्यांचा फोन.

"त्या गावात आपुन गेलतो का?"

"नाही तात्या. ते बाजूचं खोरं."

"माणसं?"

"तीनशे माणसं आधीच बाहेर काढली होती. नऊ दिवस आधी. एक माणूस सापडत नाही."

"नऊ दिस आधी," ते म्हणाले. १९९३ च्या विसर्जनाच्या रात्रीबद्दल ते माझ्याशी कधी बोललेले नाहीत, एकोणीस वर्षांत एकदाही नाही. "आन् जनावरं?"

"ती पण हलवली होती म्हणतात. काही हेलिकॉप्टरनं."

फोनवर बराच वेळ काही नाही. त्यांच्या अंगणात कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," तात्या म्हणाले. "पुतण्याचा पासपोर्ट आलाय. त्येला कधी पाठवू?"