दादर, पाच नंबर

काल रात्री झोपच लागली नाही. कारण सांगितलं तर कोणीही हसेल. नवरा तर हसून कूस बदलून घोरायला पण लागला.

झालं एवढंच की माई डोंबिवलीहून येणार होती, चारला मी दादरला तिला घ्यायला जायचं ठरलेलं, आणि बरोब्बर साडेतीनला साहेबांना सगळ्यांना कोंडून प्रेझेंटेशन दाखवायची हुक्की आली. म्हणून जावेच्या मुलाला पाठवलं. त्याने माईला कधी बघितलेलं नाही हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. माईचा फोन येऊन गेलेला, "पाच नंबरवर बसलंय", बस्स, आणि नंतर फोन पिशवीच्या तळाशी मसाल्याच्या पुड्याखाली, म्हणजे तो आता बोंबलून मेला तरी तिला ऐकू जाणार नाही.

पोरगा गेला वेस्टर्नच्या पाचवर. त्याची काही चूक नाही, दादरला आता पाच नंबर तो एकच. सेंट्रलचे नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदलले, आता आठ ते चौदा आहेत, जुना पाच झाला अकरा. पण माईच्या लेखी तो पाचच, वरची पाटी काय म्हणते ते पाटीने बघावं. मी मीटिंगमधून पोटात दुखतंय म्हणून बाहेर आले आणि त्याला सांगितलं, पूल ओलांड, अकरावर जा. गेला बिचारा. तिथून फोन.

"काकू, इथे खूप बायका बसल्यात. कशा दिसतात त्या?"

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "अरे, म्हातारी आहे एक."

एक. जशी काही रस्त्यावरची कोणीतरी.

मग म्हटलं सावळी आहे. उंच? नाही, म्हणजे बुटकी पण नाही. चष्मा? आहे... बहुतेक वाचायचा. साडी नेसते. "काकू, सगळ्याच साडीत आहेत. फोटो टाका ना." फोटो! गॅलरीत चार हजारावर फोटो, त्यात माझ्या कुंडीतल्या मोगऱ्याचे सोळा, आणि माईचा एक धड नाही. ताईच्या लग्नात ती पाठमोरी, हातात पापडाची परात. बारशाला कोपरापर्यंतचा हात. गणपतीत मोदकांचा झकास फोटो काढलाय मी, कडेला तिची दोन बोटं. ते काय पाठवणार, की बाबा ही बोटं शोध?

पण खरं सांगायचं तर मला ती तशीच आठवते. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, बदामाएवढा. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिची खानावळ, मी पाच वर्षांची, पंगतीच्या टोकाला मांडी घालून, आणि माझ्या डोळ्यांच्या रेषेत फक्त तो हात यायचा, भात, वर आमटी, मग पुढच्या ताटाकडे. चेहरा खूप वर होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वीस-बावीस जण होते तिच्याकडे जेवायला. पगार बंद म्हणजे तिचे महिन्याचे पैसे पण बंद, तरी ताटं मांडत राहिली, आधी मासळी गेली, मग आमटीतली डाळ शोधावी लागायला लागली. उधारीची वही अजून आहे ट्रंकेत. त्यातले कितीतरी जण गावी गेले ते गेलेच. विषय काढला की म्हणते, "जेवले मां ते? मग झाला." माझं ऑफिस आज जिथे आहे तिथे तेव्हा गिरणीच होती, तिच्याकडे जेवणारे कोणी तिथे पण असतील... भाऊ गेले त्या वर्षी पण ती... जाऊ दे.

तर हे सगळं मला माहीत. ती यायच्या आधी जिन्यात येणारा खोकला माहीत, एप्रिलात डंकावरून आली की दोन दिवस पदराला येणारा मिरचीचा वास माहीत. आणि पोरगं विचारतंय चेहरा, तर मी "म्हातारी आहे एक". माझ्या बाळंतपणात सव्वा महिना राहिली होती ती, रात्री पोर घेऊन फेऱ्या मारायची. तोंडाकडे बघितलंच नसेल का मी? ऑफिस, घर, हप्ते, सासूबाईंचं पथ्य, कोणाकडे बघायला सवड कुठे आहे, आणि माझ्याकडे तरी कोण बघतंय म्हणा. टॉयलेटच्या बाहेर उभी राहून डोळ्यात पाणी आलं खरंच. साहेबांना वाटलं पोट फारच दुखतंय, लवकर सोडलं.

तोपर्यंत त्याला ती सापडली होती. म्हणजे तिलाच तो सापडला. हा आपला या टोकाकडून त्या टोकाकडे, आणि तिसऱ्या फेरीला बाकावरून कोणीतरी शर्ट धरला. "त्यांचो नातू मां तू? चाल तीच." आमचे सासरे! जाऊन सात वर्षं झाली, हिने त्यांना बघितलं फक्त माझ्या लग्नात, ते पण वाढता वाढता. त्यांच्या चालीवरून नातू ओळखला बाईने दादर स्टेशनच्या गर्दीत. आता यावर मी काय बोलणार?

घरी धावत पोचले, चपला काढायच्या आत म्हटलं, "सॉरी गं माई!" तर पोरगा सोफ्यावर आडवा पडून हसायला लागला. कळलं ते असं की बाकावर शेजारी बसलेल्या बाईला माईने मी कशी दिसते ते सांगून ठेवलेलं, मी आले आणि हिचा डोळा लागला असला तर तिने उठवावं म्हणून. काळी, हडकुळी, केस विंचरलेले नसतील, फोनवर बोलत येईल आणि आल्या आल्या सॉरी म्हणेल.

काळी काय, सावळी म्हणाली असती तर काय बिघडलं असतं. बाकी चूक काढायला जागा नाही.

रात्री जेवायला बसल्यावर मी मुद्दाम समोर बसले, तिच्या बरोब्बर समोर. डाव्या भुवईत बारीक खाच आहे, तिथे केसच नाहीत. कानातल्या एका कुडीचा मोती गेलाय. चष्मा दोरीला आहे, म्हणजे वाचायचाच. हनुवटीवर...

"काय बघतंस गो?" ती म्हणाली. "मीठ कमी पडला काय?"