चवथीनंतरची हुडहुडी

चवथ संपली की आमच्या डायलिसिस युनिटमध्ये सगळ्यांनाच धास्ती असते. पथ्य मोडलेलं असतं, पाणी जास्त झालेलं असतं, कुणाची डायलिसिसची पाळी चुकलेली असते. त्या सकाळी सत्तरीतले एक काका आले, तेव्हा त्यांचे पाय सुजले होते आणि दम लागत होता. पण माझी नजर गेली ती छातीवरच्या परमकॅथकडे, म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीकडे. आम्ही लावलेली पारदर्शक पट्टी नव्हती, मेडिकलमधलं साधं प्लास्टर होतं.

"काका, ड्रेसिंग कोणी बदललं?"

"सुनेनं. जरा भिजलं होतं."

पूजेला बसायचं म्हणून त्यांनी विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केली होती. दोघांनी मास्क लावले आणि मी प्लास्टर काढलं. नळी कातडीतून बाहेर येते तिथे लाली होती, कडेला पुवाचा थेंब. ताप नव्हता. पोटॅशियम मात्र इतकं चढलं होतं की डायलिसिस पुढे ढकलणं शक्यच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, आधी कल्चर, म्हणजे बाटलीत रक्त घेऊन त्यात कोणता जंतू वाढतो ते बघायचं, मग अँटिबायोटिक. हा क्रम उलटला तर बाटलीत बऱ्याचदा काही वाढतच नाही आणि औषध अंदाजाने द्यावं लागतं. नळीची दोन्ही तोंडं मी प्रत्येकी १५ सेकंद घासली. गर्दीच्या शिफ्टमध्ये नेमके हेच सेकंद कमी केले जातात, म्हणून मी ते मनात मोजतेच.

मशीन सुरू होऊन तास झाला नसेल, काकांना हुडहुडी भरली. दात वाजत होते, दोन ब्लँकेटं घालूनही खाट हलत होती. कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस आला. एरवी कातडीवर, नाकात गुपचूप राहणारा हा जंतू नळीवाटे थेट हृदयाशी पोचतो, झडपेवर बसला तर जीवावर बेततं. परमकॅथ काढावा लागला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"भिजल्याबरोबर फोन का नाही केलात?" मी नंतर विचारलं.

"तुम्ही रागावता ना, सिस्टर."

ते खरंच होतं. आमच्याकडे भिजलेल्या ड्रेसिंगवर बोलणी बसायची आणि पेशंट ते लपवायचे. माझ्या मते लपवलेलं ड्रेसिंग भिजलेल्यापेक्षा जास्त घातक. आता सणाआधी आम्हीच विचारतो: घरी गणपती आहे का, आंघोळ कशी करणार? छातीखाली पाणी घ्या, वर ओल्या फडक्याने पुसा, आणि भिजलंच तर त्याच दिवशी या, कुणी काही बोलणार नाही.

काकांच्या आता डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा; तिच्यावर दाब चालत नाही. त्या हाताला कुणी बीपीचा पट्टा लावू लागलं, तर तेच आधी हात मागे घेतात.