किटेंगेचा ड्रेस आणि 2700 शिलिंग

आज नैरोबीत डिझायनर मुलींच्या ट्रेनिंगला मेंटॉर म्हणून गेले होते, विषय कॉस्टिंग. वाटलेलं दोन तासात उरकेल, कसलं काय, सहा वाजले! एक मुलगी किटेंगेचा, म्हणजे तिकडच्या रंगीत छापील सुती कापडाचा, ड्रेस घेऊन आलेली, शिलाई इतकी सुरेख की शिवणीवर प्रिंटसुद्धा तुटलं नव्हतं, उलटा करून पाहिला तर आतूनही तेवढाच नेटका. केवढ्याला देतेस? तर म्हणे 2500 शिलिंग. मग बसलो वही घेऊन. सहा वारी पीसमधलं निम्मं कापड, अस्तर, चेन, कारागिराची मजुरी, लाईटबिल, मटाटूचं (तिथली मिनीबस) भाडं... बेरीज 2700! गप्पच झाली बिचारी. आणि स्वतःची मेहनत तर धरलीच नव्हती (आपल्याकडे घरी ब्लाउज शिवणाऱ्या काकू तरी कुठे धरतात म्हणा). त्यात गिकोंबा मार्केटला मितुंबा, म्हणजे परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे जुने कपडे, इतके स्वस्त की त्यांच्याशी किमतीत भिडायला गेलं की संपलंच. म्हटलं मापाचं शिव, आणि निम्मे पैसे आधी एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरच, घे. "गिऱ्हाईक पळेल ना!" अगं, तोट्यातलं गिऱ्हाईक पळू दे की. निघताना तिने ड्रेसवरच्या चिठ्ठीवर 3800 लिहिलं, मग खोडून 3600.