बचाव खोडला, तरी तारखांना कशाला जाता?

माहेरचे, चाळीतले, ह्यांचे मित्र, सगळे हेच विचारतात: "डिफेन्स स्ट्राइक ऑफ झाला ना? मग लघुवाद कोर्टात हेलपाटे कशाला?" एकदाचं लिहूनच टाकते.

भाड्याच्या जागांचे खटले चालतात त्या या कोर्टात घरमालकाने आमची खोली खाली करून मागितलीय. दरमहा कोर्टात भरायची रक्कम थकली, म्हणून आमची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, कोर्टाने खोडली. ह्यांचं डायलिसिस चालू होतं. पैसे तिथे गेले, आजही तिथेच जातील. त्यावरून मला शिकवू नका.

पण कैफियत खोडली म्हणून मालकाचा दावा आपोआप खरा ठरत नाही. मोडुला इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलंय: अशा भाडेकरूला स्वतःचा पुरावा देता येत नाही, पण मालकाच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, शेवटी युक्तिवादही करता येतो. फक्त मालकाची बाजू कुठे लंगडी आहे तेवढंच दाखवायचं.

त्या दिवशी मालक पिंजऱ्यात होते. मुलाच्या संसारासाठी आमची खोली हवी, म्हणे. आमचे वकील उठले तशी समोरून हरकत आली, "यांना बचावच नाही, प्रश्न कसले?" जज्जसाहेबांनी विचारू दिलं.

"दुसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी झाली, तिथे आता कोण राहतं?"

मालकांनी चष्मा पुसला. "कुलूप आहे."

टायपिस्टने ते टाइप केलं. मला वाटलं, जिंकलो.

पुढचा प्रश्न: "यांना मुंबईत दुसरी जागा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे?" पुन्हा हरकत, आणि या वेळी मान्य. ती आमची बाजू, ती आता मांडायची नाही. जागा सोडल्यास अडचण कुणाची जास्त, हे कोर्टाने पाहायचं असतं. आमची अडचण मात्र आम्हीच बोलायची नाही! मी मागच्या बाकावरून उठलेच होते. वकिलांनी मागे न बघता हातानेच खाली बसवलं. घरी येऊन ह्यांना काहीच सांगितलं नाही.

पूर्वीची मी म्हणाले असते, एका कुलपासाठी एवढा जीव आटवायचा? म्हणू दे. ते कुलूप आता रेकॉर्डवर आहे. हरलो तर तीस दिवसांत याच कोर्टाच्या दोन न्यायाधीशांपुढे अपील करता येतं, आणि ते रेकॉर्ड तिथेही जातं. हरूच, असंही मला रात्री वाटतं.

भावोजी, मालक देतील ते घेऊन मोकळी हो, हा तुमचा सल्ला चूक आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण पुढची तारीख युक्तिवादाची आहे. मी जाणार.