बाहेरून धडधाकट, आतून फाटलेलं

बेळगावहून परत आलेलं जुन्या खेळण्याचं पार्सल टेबलावर ठेवलं आणि कात्री लावण्याआधी सहाही बाजूंनी त्याचे फोटो काढले. पाच-प्लायचं, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचं खोकं, 20 बाय 14 बाय 12 सेंटिमीटर. एकही कोपरा दबलेला नव्हता, टेप जशीच्या तशी होती, पाण्याचा एक ओघळसुद्धा नव्हता. भर जुलैत पुणे-बेळगाव आणि परत बेळगाव-पुणे असा प्रवास करून आलेलं खोकं इतकं धडधाकट क्वचितच दिसतं. आणि तरीही आतला माल बिघडला होता.

ग्राहकाचा फोन आठवड्यापूर्वीच येऊन गेला होता.

"ताई, बाहेरचं खोकं एकदम चांगलं आहे ओ. पण आतला मूळ डबा फाटलाय. एका बाजूची झडपच सुटून आलीय बघा."

"काका, उघडताना व्हिडिओ काढलात का?"

"काढलाय की. कात्री लावल्यापासून काढलाय."

व्हिडिओ स्वच्छ होता, त्यामुळे वादाचा प्रश्नच नव्हता. मी पैसे परत केले आणि एकच विनंती केली: ज्या सामानात गुंडाळून आलं, त्याच सामानात, त्याच क्रमाने परत पाठवा. ही विनंती मी प्रत्येक परतीच्या वेळी करते. नुकसान कुठून सुरू झालं हे पॅकिंगवरून कळतं. ते फेकून दिलं की नुसता अंदाज उरतो.

आत होती निकी टॉइजची जग्वार मार्क टेन, धातूची जुनी खेळण्यातली गाडी, तिच्या मूळ पुठ्ठ्याच्या डब्यासकट. ब्रिटनच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी टॉइजचे काही साचे भारतात आले आणि कलकत्त्यात त्यांतून 'निकी' नावाने गाड्या निघाल्या. या गाड्या अजून सापडतात, पण डब्यासकट फार कमी. डबा धड असेल तर किंमत एकदम वर जाते. म्हणजे ग्राहकाने दिलेल्या पैशातला मोठा वाटा त्या पुठ्ठ्याचा होता, आणि नेमका तोच फाटला होता.

भिंगाखाली पाहिलं तेव्हा सगळा उलगडा झाला. झडप घडीवर फाटली होती, पण तिचा फुगवटा बाहेरच्या बाजूला होता. बाहेरून मार बसला असता तर पुठ्ठा आत गेला असता. झडपेच्या आतल्या अंगाला बंपरच्या आकाराचा उथळ खळगा होता आणि त्यात रंगाचे दोन बारीक कण चिकटले होते. गाडीच्या पुढच्या कडेवर तेवढ्याच आकाराचा टवका उडालेला. डब्याला मारणारी वस्तू डब्याच्या आतच होती.

मग मोजमाप घेतलं. डब्याची आतली लांबी 11.3 सेंटिमीटर, गाडी 10.7. म्हणजे सहा मिलिमीटर मोकळी जागा. मी डब्याभोवती टिश्यू, मग बबल रॅपचे दोन वेढे, चहूबाजूंनी तीन सेंटिमीटर भरण, सगळं नियमाने केलं होतं. पण ते सगळं डब्याच्या बाहेर. पार्सल पडतं तेव्हा बाहेरचं खोकं थांबतं, भरण दबतं, डबा थांबतो. आतली दीडशे ग्रॅमची जस्ताची गाडी मात्र ते सहा मिलिमीटर पुढे जाऊन आपटते. एका प्रवासात पार्सल किमान पाच-सहा वेळा हातातून कुरिअरच्या गाडीत, तिथून पट्ट्यावर, पट्ट्यावरून पोत्यात पडतं. पन्नासेक वर्षांच्या पुठ्ठ्याची घडी कोरडी पडलेली असते. तिला एवढे हातोडे पुरतात.

कुठल्याही खेळण्याचा मूळ डबा दुकानातल्या फळीवर उभा राहण्यासाठी केलेला असतो. कारखान्यातून तो एकटा कधीच निघत नाही. मोठ्या मास्टर कार्टनमध्ये बारा, चोवीस, हॉट व्हील्ससारख्या गाड्या तर बहात्तर भावंडांसह घट्ट बसून येतात, आणि तो घट्टपणाच त्यांचं संरक्षण असतं. आपण त्यातला एक काढून एकट्याला प्रवासाला पाठवतो तेव्हा त्याची ताकद तीच राहते, आधार मात्र गेलेला असतो.

मग डब्याच्या आतच टिश्यू भरून गाडी घट्ट का नाही बसवायची? नव्या डब्यात चालतं. जुन्यात नाही. भरलेला टिश्यू झडपेवर आतून सतत दाब देतो आणि दुबळी घडी प्रवासाआधीच उसवू लागते. जड धातूची जुनी गाडी आणि तिचा जुना डबा एकाच कार्टनमध्ये जावेत, पण वेगवेगळे.

त्या दिवशी आणखी तीन पार्सलं पॅक होऊन दाराशी उभी होती. चारला कुरिअरची गाडी येणार होती. मी तिन्ही परत उघडली.

पहिलं होतं फनस्कूलचं जी. आय. जो, म्हणजे सैनिकाचा छोटा पुतळा, कार्डवरच्या पारदर्शक कवचात न उघडलेला. इथे खेळणं वेगळं काढायचा प्रश्नच नाही, कारण बंद असण्याचीच किंमत आहे. कार्डवरच्या मालाला दोन धोके: कार्डाला घडी पडणं आणि पारदर्शक ब्लिस्टरची कड सुटणं. ब्लिस्टर पुठ्ठ्याच्या छपाईवर चिकटवलेला असतो. तो दाबला गेला की बाजूला ताण येतो आणि छपाईचा पापुद्रा घेऊनच सुटतो. मी कार्ड बबल रॅपमध्ये आवळून गुंडाळलं होतं, म्हणजे तो दाब माझ्या हातानेच दिला होता. ते सोडवलं. 15 बाय 23 च्या कार्डासाठी 19 बाय 27 चे दोन पन्हाळी पुठ्ठे कापले, एकाच्या पन्हाळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे जोडी कुठल्याच दिशेने सहज वाकत नाही. ब्लिस्टर चार सेंटिमीटर उंच होता, म्हणून कार्डाच्या चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर उंच फोमच्या भिंती चिकटवल्या, पुठ्ठ्याला, कार्डाला नव्हे. आता वर वजन ठेवलं तर ते भिंतींवर जातं आणि ब्लिस्टरवर एक सेंटिमीटर हवा राहते. कार्ड आत हलू नये म्हणून कडेने टिश्यूच्या गुंडाळ्या.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत सील करणं बरोबरच, पण दमट खोलीत सील केली तर ती दमट हवाच आत कोंडते आणि कार्ड पोक धरतं. माल तासभर कोरड्या खोलीत ठेवावा, सिलिका जेलची पुडी पुठ्ठ्याच्या बाहेरच्या अंगाला, पण पिशवीच्या आत ठेवावी आणि मगच तोंड बंद करावं.

दुसरं पार्सल नागपूरचं. 1:18 ची, म्हणजे खऱ्या मोटारीच्या अठराव्या भागाएवढी मोटार, पारदर्शक खिडकीच्या डब्यातली. ग्राहकाने सकाळीच लिहिलं होतं: "ताई, डबा नको, नुसती गाडी पाठवा. शिपिंग फार होतंय." तक्रार रास्त होती. कुरिअर वजन काट्यावर बघतं आणि आकारावरही बघतं: सेंटिमीटरमधली लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले 5000, आणि दोन्हींत जे जास्त ते लावतं. डबा 35 बाय 15 बाय 16. भरण धरून बाहेरचं कार्टन 42 बाय 22 बाय 23, म्हणजे 4.25 किलो, अर्ध्या किलोचा टप्पा धरला की साडेचार. काट्यावर मात्र सगळं मिळून पावणेदोन किलोसुद्धा नाही. डबा काढला, गाडी तिच्या प्लास्टिकच्या पाटावरच ठेवली, तर कार्टन 38 बाय 21 बाय 18 होतं. 2.87, म्हणजे तीन किलो. पाटही काढला तर 33 बाय 19 बाय 16, म्हणजे 2.006 आणि त्या सहा ग्रॅमसाठी अडीचचा टप्पा! तिथे उंची एक सेंटिमीटरने कापली की 1.88 होतं आणि दोन किलोत बसतं. कार्टन निवडायच्या आधी हा हिशेब करावा. टेप लावल्यावर केलेला हिशेब फुकट जातो.

तरी मी पाट काढायचा सल्ला देत नाही. गाडी पाटाला खालून दोन स्क्रूंनी आवळलेली असते, त्यामुळे हिसका बसला तरी भार चाकांच्या आसांवर येत नाही. मात्र स्क्रू हाताने तपासावेत. अर्धवट सैल स्क्रू हा नसलेल्या स्क्रूपेक्षा वाईट, कारण गाडी पाटावर नाचते. दारं, बॉनेट, डिकी उघडू नयेत म्हणून मऊ टिश्यूची पट्टी गाडीभोवती फिरवून टोक टिश्यूलाच चिकटवायचं. गाडीवर टेप नाही आणि रबरबँड तर कधीच नाही. उन्हात तापलेल्या कुरिअरच्या गाडीत रबर रंगावर डाग सोडतं. आरसे पाच-सहा मिलिमीटर बाहेर आलेले असतात, त्यांच्यासमोर फोमला खिडकी कापायची, म्हणजे फोम दाराला टेकतो आणि आरसा मोकळा राहतो. आणि बबल रॅप कधीही थेट रंगावर किंवा मऊ प्लास्टिकवर नाही. उष्णतेत फुग्यांचे गोल ठसे उठतात आणि ते पुसून जात नाहीत. आधी टिश्यू, मग बबल.

ग्राहकाला मी फोन केला. डबा न घेतल्याने पुढे विकताना किती फरक पडेल ते सांगितलं आणि तिसरा पर्यायही सांगितला: डबा चपटा करून पाठवणं. पण खिडकीच्या डब्याच्या बाबतीत मी तो पर्याय नाकारते. आतून चिकटवलेला पारदर्शक कागद घडीवर पांढरा पडतो आणि ती रेघ कायमची राहते. दोन्ही टोकांना नुसत्या झडपा असलेला नवा साधा डबा चपटा होऊ शकतो, जुना नाही. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "ठेवायलाच घेतोय, विकायचं नाहीये. पाटासकट, डब्याशिवाय पाठवा." हे मी त्यांच्याकडून लेखी घेतलं. तीन महिन्यांनी "डबा कुठाय?" असा प्रश्न येतो तेव्हा त्या एका ओळीची किंमत कळते.

तिसरं पार्सल सुट्या पुतळ्यांचं, चार जी. आय. जो, कार्ड नसलेले. सुटा माल पाठवायला सोपा वाटतो म्हणून त्यावर सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. या पावणेचार इंची पुतळ्यांचं धड आणि पाय आतल्या एका रबरी रिंगने जोडलेले असतात. जुनं रबर कडक होतं आणि हिसक्याने तुटतं, पुतळा कमरेत दोन भागांत सुटतो. रिंग बदलता येते, पण ग्राहकाला हे आधी सांगितलेलं असावं. दुसरी जागा म्हणजे अंगठा. बंदूक हातात ठेवून पुतळा गुंडाळला की बंदुकीचा दांडा तरफेसारखा काम करतो आणि अंगठा तडकतो. तुटलेला अंगठा परत बसत नाही. माझ्या हातातल्या चारपैकी दोघांच्या हातात बंदुका तशाच होत्या! त्या काढल्या, प्रत्येकाचं सामान छोट्या झिपपिशवीत, पिशवीवर पुतळ्याचं नाव. पुतळे सरळ, पाय न दुमडता, एकमेकांना न टेकता.

चारची गाडी नागपूरचं आणि सुट्या पुतळ्यांचं पार्सल घेऊन गेली. कार्डवाल्याला मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवलं, फोमचा गोंद वाळायला हवा होता.

मग परत जग्वार. मालकांना आधी फोन केला, कारण गाडी त्यांची, मी फक्त विकून देणारी. चूक पॅकिंगची, म्हणून किमतीत पडलेला फरक माझ्याकडून. फाटलेल्या झडपेला सेलोटेप लावायचा मोह होतो, लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून पुठ्ठ्यात मुरतो आणि पुढे कुणालाच नीट दुरुस्ती करता येत नाही. सुटलेली झडप तशीच सपाट कागदात ठेवली, फाटल्या कडेचा आणि टवक्याचा जवळून फोटो काढला आणि नव्या किमतीसह बेळगावच्या काकांना पाठवला, कारण पहिला हक्क त्यांचा.

अर्ध्या तासात उत्तर आलं. "घेतो ओ. पण यावेळी गाडी डब्यातनं नको."

गाडी टिश्यूत, मग फोमच्या खाचेत, मग 14 बाय 8 बाय 7 च्या कडक खोक्यात. हलवून पाहिलं, आवाज नाही. मूळ डब्यात आम्लरहित टिश्यू अगदी सैल भरला, आकार टिकावा एवढाच, झडपेला न टेकणारा. तो डबा आणि सुटी झडप तेवढ्याच दुसऱ्या खोक्यात. दोन्ही खोकी शेजारी, मध्ये पुठ्ठा, चहूबाजूंनी तीन सेंटिमीटर भरण. कार्टन 20 बाय 23 बाय 13, दीड किलोचा टप्पा. पहिल्या वेळेपेक्षा अर्धा किलो जास्त.

शेवटी एक चिठ्ठी लिहिली, कारण मूळ डबा उचलला की हलका लागतो आणि माणूस घाबरतो, किंवा दुसरं खोकं भरण समजून टाकून देतो. मोठ्या अक्षरांत लिहून सगळ्यात वर ठेवली, कात्री लावल्यावर पहिली तीच दिसेल अशी: "डबा रिकामा आहे. गाडी शेजारच्या खोक्यात आहे."