सूफ भरतकामाचा अभ्रा

कच्छहून आणलेला सूफ भरतकामाचा उशीचा अभ्रा मी आधी उलटा करून पाहते, कारण हे भरतकाम कापडावर नक्षी न आखता, उभे-आडवे धागे मोजत, मागच्या बाजूने केले जाते आणि पुढे त्रिकोणांच्या नेटक्या रांगा उमटतात. १९६९ च्या दुष्काळात कच्छमधल्या धानेटी गावी मदतीसाठी गेलेल्या मुंबईच्या चंदा श्रॉफ यांनी तेथील बायकांना दान नको, काम हवे आहे हे ओळखले, आणि त्यातूनच बायकांना भरतकामाचे काम देणारी ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. घरचे सगळे सांभाळून, सवडीने केलेल्या अशा कामाचे दाम कोणी यंत्रावरच्या अभ्र्याशी ताडून पाहिले, की मला मनापासून वाईट वाटते. एक धागा मोजण्यात चुकला, तर त्रिकोणाचे टोक जुळत नाही आणि तेवढे टाके उसवावे लागतात.